गोव्यातले कॅसिनो, लॉटरी आणि राज्याची तिजोरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, साखळी, डिचोली या भागांतल्या वाचनालयांत मी राज्याच्या अर्थसंकल्पावर बोलायला जातो. विषय शाळांच्या अनुदानाचा असो की रस्त्यांचा, शेवटी हात वर होतात ते कॅसिनोसाठी. घरी पोहोचेपर्यंत फोनवर आणखी दोन-चार प्रश्न आलेले असतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून काढली.

वाचताना दोन गोष्टी मनाशी धराव्यात. पैसा कोणाच्या खिशातून आला? आणि खर्च वजा जाता तिजोरीत किती उरला? आपल्याकडची बहुतेक भांडणे या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

१. गोव्यात जुगार कायदेशीर आहे की बेकायदेशीर?

मुळात बेकायदेशीर. १९७६ चा गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा आजही लागू आहे आणि जुगाराचा अड्डा चालवणे, तिथे खेळणे हा त्याखाली गुन्हाच आहे. कॅसिनो हा त्या बंदीला दिलेला अपवाद. १९९२ मध्ये कायद्यात कलम १३-अ घालून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन व इलेक्ट्रॉनिक खेळांना वाट करून दिली गेली. १९९६ च्या दुरुस्तीने किनाऱ्याबाहेरच्या जहाजांवर टेबलावरच्या खेळांनाही परवानगी मिळाली. आज मांडवीत उभी असलेली सहा जहाजे या दुसऱ्या दुरुस्तीवर तरंगतात. परवाना गृह खाते देते.

लॉटरी मात्र या कायद्यात बसत नाही. तिचा कायदा वेगळा, तोही केंद्राचा. पुढचे उत्तर पाहा.

२. कॅसिनो आणि लॉटरी दोन्ही राज्याच्याच हातात आहेत ना?

नाहीत, आणि महसुलाचा अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'पैज आणि जुगार' राज्यसूचीत आहे, नोंद ३४. सरकारने चालवलेली लॉटरी मात्र संघसूचीत, नोंद ४०. त्यामुळे कॅसिनोला परवानगी द्यायची की नाही हे पणजी ठरवते, पण लॉटरी कशी काढायची याचे नियम १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्यातून येतात.

कराची गोष्ट आणखी वेगळी. पूर्वी नोंद ६२ खाली राज्याला पैज आणि जुगारावर थेट कर लावता येत असे. जीएसटीसाठी २०१६ मध्ये १०१ वी घटनादुरुस्ती झाली आणि तो अधिकार गेला. आता कॅसिनोवरचा कर जीएसटी परिषद ठरवते. तिथे गोव्याची बाजू एक मंत्री मांडतो, पण शब्द शेवटचा नसतो.

३. कॅसिनोंकडून सरकारला नेमके कशाचे पैसे मिळतात?

मुख्य वाटा दोन. पहिली वार्षिक परवाना शुल्काची. जहाजाच्या क्षमतेनुसार ते ठरते: दोनशे प्रवाशांपर्यंत २५ कोटी, दोनशे ते चारशेपर्यंत ३० कोटी, त्यावर ४० कोटी. हॉटेलांतल्या कॅसिनोंना जागेच्या क्षेत्रफळाप्रमाणे शुल्क पडते. हा करेतर महसूल आहे आणि पूर्णपणे राज्याचा. केंद्राला त्यातला एक रुपयाही द्यावा लागत नाही. शिवाय जहाजावर चार माणसे आली काय नि चारशे आली काय, शुल्क तेवढेच.

दुसरी वाट जीएसटीची. त्यात निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा, आणि तो व्यवसायाबरोबर वर-खाली होतो.

शुल्क स्वतःच्या हातात आणि कर परिषदेच्या हातात असला, की राज्य साहजिकच शुल्काकडे वळते. गोव्यात सरकार कुठल्याही पक्षाचे असो, शुल्कवाढीचा मोह कोणाला आवरलेला नाही तो त्यामुळे.

याखेरीज जेटीचे भाडे, मद्यावरचा अबकारी, हॉटेलांच्या खोल्यांवरचा कर असा आडवाटेने येणारा पैसा आहे. तो मोजताना मात्र जपायला हवे. दोन दिवस समुद्रकिनाऱ्यावर राहून एक रात्र कॅसिनोत घालवणारा माणूस कॅसिनो नसता तरी आलाच असता का? आला असता, तर त्याच्या खोलीचा कर कॅसिनोच्या खात्यावर मांडणे चूक. उद्योगाच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या आकड्यांत ही वजाबाकी मला क्वचितच दिसते.

४. राज्याच्या एकूण अर्थसंकल्पात याचा वाटा किती?

शुल्काचा हिशेब पाटीवर करता येतो. सहाही जहाजे सर्वांत खालच्या गटात धरली तर १५० कोटी, सर्वांत वरच्या गटात धरली तर २४० कोटी. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या पुढे आहे. म्हणजे नदीतल्या जहाजांचे शुल्क शंभरात एक रुपयाही भरत नाही. हॉटेलांतले कॅसिनो आणि राज्याच्या वाट्याचा जीएसटी मिळवला की आकडा वाढतो. पण 'गोवा कॅसिनोवर चालतो' असे म्हणावे, इतका तो कधीच होत नाही.

अर्थात दीड-दोनशे कोटी ही राज्याला क्षुल्लक रक्कम नाही. माझे म्हणणे एवढेच की आकडा जेवढा आहे तेवढाच उच्चारावा.

५. 'कॅसिनो बंद झाले तर सरकारी पगार थांबतील' हे खरे का?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर खरी काळजी असते. घरातला एक जण सरकारी नोकरीत आणि दुसरा जहाजावर कामाला, अशी घरे आपल्या शेजारीच आहेत.

उत्तर मात्र गोव्याने स्वतः अनुभवलेले आहे. लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी परत बंद पडल्या. खाणींचा पैसा कॅसिनोच्या शुल्काहून कितीतरी मोठा होता. तरी पगार थांबले नाहीत. सरकारने कर्ज काढले, काही कामे मागे ढकलली, काही शुल्के वाढवली. भोगले ते ट्रकवाल्यांनी, बार्जवाल्यांनी, डिचोली-सांग्याकडच्या गॅरेजवाल्यांनी.

कॅसिनोचेही तसेच होईल. २०२० मध्ये मार्चपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत कॅसिनो बंद होते, १ नोव्हेंबरला उघडले. त्या सात-आठ महिन्यांत राज्याची ओढाताण झाली ती सगळेच व्यवहार थंडावल्यामुळे, एकट्या कॅसिनोमुळे नव्हे. म्हणून बंदीची चर्चा करायची असेल तर पगाराचा बागुलबुवा उभा करू नये. तिथे काम करणाऱ्या मुलामुलींच्या पर्यायी रोजगारावर बोलावे. तो प्रश्न खरा आहे.

६. पर्यटकाने दहा हजारांच्या चिप्स (पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या) घेतल्या तर राज्याला त्यातले किती मिळतात?

कोणत्या काळात घेतल्या, त्यावर अवलंबून. सोपे व्हावे म्हणून धरून चालू की दहा हजारांच्या खेळात कॅसिनोकडे शेवटी दोन हजार उरले आणि बाकीचे खेळणाऱ्यांकडे परत गेले. (दोन हजार हा माझा उदाहरणापुरता आकडा आहे.)

सप्टेंबर २०२३ पर्यंत कॅसिनो आपल्याकडे उरलेल्या रकमेवर कर भरत. दोन हजारांवर २८ टक्के म्हणजे ५६० रुपये, त्यात राज्याचे २८०.

१ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्ससाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर कर लागू झाला. दहा हजारांवर २८ टक्के म्हणजे २,८००, राज्याचे १,४००. जिंकलेल्या पैशांतून पुन्हा खेळल्यास त्यावर दुसऱ्यांदा कर नाही. उलट उरलेल्या चिप्स परत करून पैसे घेतले, तरी भरलेला कर कमी होत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के. दहा हजारांवर ४,०००, राज्याचे २,०००.

खेळणारा तोच, टेबल तेच आणि राज्याचा वाटा २८० वरून २,००० वर गेला. कागदावर. प्रत्यक्षात काय होते ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये.

७. मग २०२३ मध्ये गोव्यानेच या करवाढीला विरोध का केला? राज्याला जास्त पैसे नको होते का?

जुलै आणि ऑगस्ट २०२३ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकांत गोव्याने आग्रह धरला की कर पूर्ण रकमेवर नको, कॅसिनोकडे उरणाऱ्या रकमेवर असावा. सिक्कीमही त्याच बाजूला होते. पाहा, देशात कायदेशीर कॅसिनो चालतात ते मुख्यतः याच दोन राज्यांत.

अनेकांना हा विरोध म्हणजे उद्योगाची तळी उचलणे वाटले. संशय घेणे नागरिकांचे कामच आहे, पण या विरोधामागे हिशेबही होता. खेळणाऱ्याच्या हातातले पैसे पहिल्याच पावलाला एक चतुर्थांशाहून जास्त कमी झाले, तर मोठ्या रकमेने खेळणारा नेपाळ किंवा श्रीलंकेचे विमान धरतो. नाहीतर बेकायदा अड्डा शोधतो. तसे झाले तर दर वाढूनही वसुली तेवढी वाढत नाही. शिवाय घसरलेला धंदा दाखवून उद्योग परवाना शुल्क कमी करा म्हणून दारात उभा राहतो, आणि शुल्क तर पूर्णपणे राज्याचे. थोडक्यात, परिषदेत मिळालेला रुपया निम्मा केंद्राला जाणार आणि गमावलेला रुपया संपूर्ण गोव्याचा असणार, ही भीती होती.

ती भीती रास्त मानली, तरी राज्याने आपला हिशेब विधानसभेत आकड्यांसह मांडायला हवा होता असे मला वाटते. लोकांना फक्त 'गोव्याचा विरोध' एवढाच मथळा मिळाला.

८. आता ४० टक्के झाल्यावर महसूल वाढेल ना?

दर वाढला त्याच प्रमाणात नाही. २८ वरून ४० म्हणजे दरात सुमारे ४३ टक्के वाढ. चिप्सची विक्री तीस टक्क्यांनी घटली की ती सगळी वाढ पुसली जाते (०.७० × ४० = २८). तेव्हा नवा दर आला की टक्क्यांकडे न पाहता विक्री किती हलली ते पाहावे. कॅसिनो कंपन्या हा कर गिऱ्हाइकाकडून पूर्ण घेतात की जेवण, दारू, खोलीच्या पॅकेजमध्ये काही स्वतः सोसतात, यावरही ते ठरते.

९. जिंकलेल्या रकमेवरचा ३० टक्के कर तरी गोव्यालाच मिळतो ना?

तो प्राप्तिकर आहे. आधी सगळा केंद्राकडे जातो, मग वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांत वाटला जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांना ४१ टक्के दिले आणि त्यातला गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के ठरवला. त्या हिशेबाने मांडवीत कोणी एक लाख जिंकले आणि तीस हजार कर कापला गेला, तर राज्यांच्या वाट्याला त्यातले १२,३०० येतात आणि गोव्याच्या हाती सुमारे ४७ रुपये. वरचा उपकर तर वाटणीतच येत नाही.

वाचनालयात हे ४७ रुपये फळ्यावर लिहिले की सभागृह शांत होते.

१०. गोवा सरकारची लॉटरी आहे का? तिचा पैसा कसा येतो?

आहे. अल्पबचत व लॉटरी संचालनालय ती पाहते. विक्रीसाठी मार्केटिंग एजंट नेमलेला असतो आणि 'राजश्री' नावाची गोव्याची तिकिटे महाराष्ट्रातल्या दुकानांत वर्षानुवर्षे विकली जात आहेत. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना विचारून पाहा, त्यांना ती तुमच्या-आमच्याहून जास्त ठाऊक असतात.

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांतला पहिला लावा: पैसा कोणाच्या खिशातून? बव्हंशी गोव्याबाहेरच्या. आणि तिजोरीत काय? एजंटाकडून करारानुसार मिळणारी रक्कम. तिकिटावरचा जीएसटी मात्र जिथे विक्री होते तिथला असतो, त्यामुळे राज्याचा निम्मा वाटा त्या राज्याला जातो. शंभर रुपयांच्या तिकिटात आता कर धरलेलाच असतो: १०० भागिले १४० गुणिले ४० या सूत्राने सुमारे २८ रुपये ५७ पैसे. त्यातले चौदा रुपये विक्री झालेल्या राज्याचे. बक्षिसाची रक्कम वजा करून कर लावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये फेटाळली आहे.

११. केरळला लॉटरीतून बारा हजार कोटी मिळतात म्हणे. मग गोव्याने का मिळवू नयेत?

हा आकडा व्हॉट्सॲपवर दर वर्षी फिरतो आणि दर वर्षी मी तेच उत्तर देतो. बारा हजार कोटी ही तिकिटांची विक्री आहे. तिच्यातून बक्षिसे, विक्रेत्यांचे कमिशन, छपाई आणि व्यवस्थापन गेल्यावर नफा हजार कोटींच्या आसपास उरतो. केरळचे संपूर्ण यंत्र सरकारी आहे, १९६७ पासून चालत आलेले. रस्त्यावर तिकीट विकून पोट भरणाऱ्यांचे मोठे जाळे त्यावर उभे आहे. एजंटावर सोपवलेल्या लॉटरीशी त्याची तुलना होत नाही.

फसगत हिशेबाच्या पद्धतीनेही होते. सरकारी लेख्यांत लॉटरीची जमा ००७५ या शीर्षाखाली पूर्ण दाखवतात आणि बक्षिसे-कमिशनचा खर्च २०७५ खाली वेगळा. जमेचे पान वाचून मिटवले की लॉटरी ही सोन्याची खाण वाटते. दोन्ही पाने शेजारी ठेवा.

आणि केरळच्या तिकिटाचा खिसा कोणाचा? केरळातल्याच रोजंदारी माणसाचा. आठवड्याच्या कमाईतून तिकिटावर जाणारा हिस्सा गरिबाच्या बाबतीत मोठा असतो. श्रीमंताकडून टक्केवारीने कमी आणि गरिबाकडून जास्त घेणारी ही वसुली आहे, मग तिला कर म्हणा की नशीब. गोव्याने तो मार्ग धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

१२. लॉटरीचे बक्षीस कोणी नेलेच नाही तर ते एजंटाला मिळते का?

नाही. केंद्रीय कायद्याप्रमाणे मुदतीत न मागितलेले बक्षीस राज्य सरकारचे होते.

१३. सिक्कीम-नागालँडची तिकिटे गोव्यात विकू देऊ नका, असे सरकार म्हणू शकते का?

स्वतःची लॉटरी चालू ठेवून म्हणू शकत नाही. १९९८ च्या कायद्याचे कलम ५ राज्याला बाहेरच्या लॉटऱ्यांवर बंदीचा अधिकार देते, पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अट जोडली: बंदी घालणाऱ्या राज्याने स्वतःची लॉटरीही बंद केलेली असावी. आपले दुकान उघडे ठेवून शेजाऱ्याचे बंद करता येणार नाही. याच नियमामुळे गोव्याची तिकिटे महाराष्ट्रात विकता येतात. तेव्हा बंदीची मागणी करणाऱ्यांनी गोव्याच्या लॉटरीचे उत्पन्नही सोडण्याची तयारी ठेवावी. माझी आहे.

१४. गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. त्याने महसूल बुडत नाही का?

१ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातल्या रहिवाशांना खेळायला बंदी आहे. नोकरीसाठी आत जाता येते. राज्य कर आयुक्तांकडेच गेमिंग आयुक्ताचे काम दिलेले आहे.

महसूल थोडा कमी होत असेल. पण पणजीचा माणूस जहाजावर दहा हजार हरला, तर ते दहा हजार आकाशातून पडलेले नसतात. एरवी ते मुलांच्या फीत, सोनाराकडे, बाजारात, घराच्या कौलांवर खर्च झाले असते आणि त्यावरही राज्याला कर मिळालाच असता. बाहेरचा पर्यटक हरतो तेव्हा गोव्यात नवा पैसा येतो. गोमंतकीय हरतो तेव्हा आपलाच पैसा एका खिशातून दुसऱ्यात जातो, आणि वाटेत एक घर मोडते. निव्वळ तिजोरीच्या नजरेने पाहिले तरी ही बंदी शहाणपणाची आहे. अडचण अंमलबजावणीची: दारावर ओळखपत्र खरेच पाहिले जाते का, आणि बाहेरच्या राज्याचा पत्ता असलेल्या गोमंतकीयाचे काय करायचे.

१५. मटका बंद होतच नाही. मग तो कायदेशीर करून कर का घेऊ नये?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो विचारणारे बहुतेक जण मटका बंद व्हावा असे मनापासून वाटणारेच असतात.

सकाळी बसस्टँडच्या गाड्यावर चहा घेताना पाहिले असेल. एक जण येतो, दहाची नोट ठेवतो, 'ओपन' म्हणून एक आकडा सांगतो. गाड्यावरचा चिठ्ठीवर लिहितो. अर्ध्या मिनिटाचे काम. मागून दुसरा, तिसरा. माझ्या ओळखीचा एक सुतार वीस वर्षे रोज असे खेळत आला आहे. त्याच्याकडे हिशेब मागितला तर जिंकलेले चार दिवस तारखेसकट सांगेल.

कायद्याची वाट अशी. मटका लॉटरी म्हणून चालवता येणार नाही, कारण केंद्रीय कायदा एक अंकी आकड्यावर बक्षीस द्यायला मनाई करतो, आणि मटका म्हणजे नेमके तेच. जुगार म्हणून परवानगी द्यायला विधानसभेला १९७६ चा कायदा बदलावा लागेल. तसा अधिकार आहे (प्रश्न २). पण मग कर ४० टक्के. आज बुकी शून्य कर देऊन चालवतो. कर भरणारा परवानाधारक त्याच्याइतका भाव कसा देणार? खेळणारा आहे तिथेच राहील आणि कायदेशीर दुकान नवे गिऱ्हाईक शोधील.

शेजारचा अनुभवही आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली ती मटक्याकडे जाणारा पैसा सरकारकडे वळावा म्हणून. लॉटरी रुजली, मटकाही राहिला. याउलट १९७६ चा महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करायचे ठरले.

१६. जत्रेतला जुगार परंपरा म्हणून चालतो ना?

कायद्यात परंपरेला सूट नाही. तिजोरीला त्यातून काही मिळत नाही.

१७. ऑनलाइन गेमवरून राज्याला काय मिळते?

ऑक्टोबर २०२३ पासून त्यावर पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद करणारा कायदा केला. त्यामुळे हा महसूल हिशेबात न धरलेला बरा. कॅसिनोच्या टेबलाला हा कायदा लागू नाही.

१८. कॅसिनो कंपन्यांना हजारो कोटींच्या जीएसटी नोटिसा आल्या होत्या. ते पैसे गोव्याला मिळणार का?

सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा कॉर्प आणि तिच्या उपकंपन्यांना मिळून सुमारे १६,८०० कोटींच्या नोटिसा आल्या. वाद असा की २०१७ पासूनचा कर उरलेल्या रकमेवर मोजायचा की लावलेल्या पूर्ण रकमेवर (फरक प्रश्न ६ मध्ये दिसेल). जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गेमिंग क्षेत्रातल्या अशा नोटिसांवरची पुढची कारवाई थांबवली.

हा पैसा गोव्याने मोजू नये. त्यात सिक्कीममधल्या कॅसिनोचाही भाग आहे, जो वसूल होईल त्यातला निम्मा केंद्राचा, आणि ही मागणी कंपनीच्या वर्षाच्या उलाढालीच्या कितीतरी पट आहे. 'सोळा हजार कोटी आले की गोव्याचे कर्ज फिटेल' असे मला एका सभेत विचारले गेले. फिटणार नाही.

१९. पणजी शहराला यातून काय मिळते?

संध्याकाळी सातला बांदोडकर रस्त्यावर बेतीच्या फेरीधक्क्याजवळ उभे राहा. भाड्याच्या गाड्या रांगेने येतात. मनगटाला पट्टा बांधलेले तरुण लहान बोटींत चढून जहाजाकडे जातात. कामावरून सुटलेली बाई दुसऱ्या बाजूला फेरीसाठी उभी असते आणि तिला फुटपाथ उरलेला नसतो. पदपथ, कचरा, सांडपाणी, वाहतूक पोलीस, पहाटे तीनचा गोंगाट हा सगळा खर्च शहराच्या अंगावर पडतो. जमा मात्र राज्याच्या तिजोरीत.

महापालिकेच्या हाती व्यापार परवान्याचे वगैरे शुल्क आणि राज्याकडून येणारे अनुदान. घटनादुरुस्तीनंतर पालिकांना करमणुकीवर कर लावता येतो, पण नोंद ६२ मधून 'पैज आणि जुगार' हे शब्दच निघाले आहेत. त्यामुळे शहराने स्वतः जुगारावर कर बसवायचे म्हटले तर ते न्यायालयात टिकणे कठीण. परवाना शुल्काचा ठरावीक भाग दर वर्षी पणजीला मिळालाच पाहिजे, असे राज्याने नियमात लिहावे. जहाजांना मांडवीत राहायला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत आली, तेव्हा ही अट घालण्याची संधी दर वेळी होती.

२०. कॅसिनोचा पैसा फक्त आरोग्यावर किंवा शाळांवर खर्च करा, असा नियम करता येईल का?

करता येईल, पण त्यावर भाबडेपणाने विसंबू नये. महसूल आधी राज्याच्या एकत्रित निधीत जातो. कायदा करून तेवढी रक्कम एखाद्या निधीकडे वळवता येते. पण आरोग्याला कॅसिनोचे शंभर कोटी मिळाले म्हणून अर्थखात्याने नेहमीच्या तरतुदीतले शंभर कोटी काढून घेतले, तर रुग्णालयाला काय मिळाले? पैशावर नाव लिहिलेले नसते. असा नियम मागायचाच असेल, तर 'नेहमीच्या तरतुदीच्या वर' हे शब्द त्यात हवेत. आणि पहिला हक्क जुगाराच्या व्यसनावरच्या उपचारांचा असावा.

२१. खरे आकडे कुठे पाहायचे? तुम्ही सांगता ते आम्ही का मानावे?

मानू नका, पडताळून पाहा. कॅसिनोनिहाय शुल्क आणि वसुली विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांत मिळते. आमदाराला प्रश्न विचारायला सांगता येते आणि उत्तर लेखी येते. त्यात शुल्क, जीएसटी आणि थकबाकी वेगवेगळी मागा, एकत्र बेरीज स्वीकारू नका. लॉटरीसाठी वित्त लेख्यांत ००७५ आणि २०७५, दोन्ही. वर्षाची तुलना करताना अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक पाहा, कारण मार्चमधल्या भाषणातला आकडा अंदाज असतो आणि प्रत्यक्ष जमा त्यानंतरच्या वर्षांच्या पुस्तकांत सापडते. माहिती अधिकाराचा अर्ज गृह खात्याकडे आणि राज्य कर आयुक्तालयाकडे वेगवेगळा करावा लागतो. एकाच अर्जात दोन्ही विचारले तर अर्धे उत्तर येते.